वळचणीची फळी आणि ॲल्युमिनियमचें पांघरूण

पाऊस सुरू झाला म्हणजे तिरप्या छपराच्या कडेनें ज्या पागोळ्या गळतात त्या आपण सर्वांनीं पाहिल्या आहेत. परंतु पागोळी ज्या लांकडाजवळून खालीं येते त्याच्याकडे मान वर करून पाहणारा विरळा. वाशांचीं टोकें उघडीं पडूं नयेत, छपराची कड सरळ दिसावी आणि पन्हळ अडकविण्यास आधार मिळावा, म्हणून वाशांच्या तोंडांवर एक लांब फळी ठोकलेली असते. इंजिनियर लोक तिला फेशिया म्हणतात. तिच्या खालच्या कडेस नक्षी कातरलेली असली म्हणजे तीच झालर होते. आम्ही या लेखांत तिला वळचणीची फळी म्हणूं. ऊन, पाऊस आणि वारा या तिघांचा मारा ती एकटी सोसते. छपराला चिकटून असूनहि छपराचें सुख तिच्या वांट्यास येत नाहीं.

आमच्या छत्रपती संभाजीनगरांत अशी फळी प्रत्येक जुन्या घराला असते असें मात्र नाहीं. मराठवाड्यांतील जुनीं घरें बहुधा माळवदाचीं, म्हणजे लांकडी खांब-तुळयांवर मातीचा जाड थर घातलेलीं. तिरपें छप्पर आणि मंगलोरी कौलें आढळतात तीं छावणीच्या बाजूचे बंगले, जुन्या शाळा आणि त्यांचें पाहून बांधलेलीं कांहीं घरें यांवर. हीं कौलें मुळांत परगांवचीं. १८६५ सालीं बाझल मिशननें मंगळूर येथें कौलांचा कारखाना काढला, आणि तेथून तीं देशभर पसरलीं. कौलांबरोबर वासे, रिपा आणि ही फळीहि आली. अशा घरांत राहणाऱ्या पालकांपुढें आज एक प्रश्न वारंवार उभा राहतो: फळी जुनी झाली, रंग उडाला, कोठें कोठें भेगा पडल्या, तर तिच्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा चढवावा कीं काय? कारागीर म्हणतो, एकदां पत्रा मारला कीं जन्माची काळजी मिटली. त्याच्या या वाक्यावर विश्वास ठेवून आमची काय गत झाली तें आधीं सांगतों.

आमच्या घराच्या पश्चिमेकडील फळीवर बारा वर्षांपूर्वीं आम्हीं साधा लोखंडी पत्रा मारून घेतला. घरांत लग्नकार्य होतें, मांडव पडण्यास आठ दिवस उरले होते, आणि फळी फारच कळाहीन दिसत होती. कारागीरानें एकदां विचारलें कीं, आंतलें लांकूड तपासून घेऊं काय? आम्हीं म्हटलें, वेळ नाहीं, वरून झांकून टाका. पत्रा लागला, त्यावर रंग लागला, आणि पाहुण्यांनीं घराची वाखाणणीहि केली. तिसऱ्या पावसाळ्यांत एका दुपारीं दोन हात लांबीचा तुकडा पत्र्यासकट अंगणांत कोसळला. घरांतील मुली त्याच जागीं रोज सागरगोटे खेळत असत. त्या दिवशीं त्या शाळेंत होत्या म्हणून निभावलें. पडलेला तुकडा उचलून पाहतों तों आंतलें सागवान भिजलेल्या भाकरीसारखें बोटानें कुसकरलें जात होतें. वरचें एक कौल सरकलें होतें. त्यांतून येणारें पाणी फळीच्या मागें उतरत होतें, आणि पुढून पत्र्यानें वाट अडविल्यामुळें तें तेथेंच मुरत होतें. दोष कारागीराचा नव्हता. त्यानें विचारलें होतें.

तेव्हांपासून लांकूड आणि धातु यांच्या सोयरिकीकडे आम्ही जरा निराळ्या नजरेनें पाहूं लागलों. आपल्या गांवांत या सोयरिकीचा उत्तम नमुना सर्वांस ठाऊक आहे, तो म्हणजे बीबी का मकबरा. औरंगजेबाची पत्नी दिलरास बानू हिची ही कबर १६५१ ते १६६१ या काळांत बांधली गेली असें मानतात. तिच्या दक्षिणेकडील मुख्य प्रवेशद्वाराचीं दारें लांकडाचीं असून त्यांवर बाहेरून वेलबुट्टीचा पितळी पत्रा मढविलेला आहे. अताउल्ला हा वास्तुशिल्पी व हंसपतराय हा इंजिनियर यांचीं नांवें याच दारावर कोरलेलीं आहेत. सहलीला गेलेलीं मुलें घाईघाईनें आंत पळतात. पुढच्या वेळीं त्यांनीं दारापाशीं दोन मिनिटें थांबावें. लांकडावर धातूचें पांघरूण घालावयाची कल्पना परदेशी कारखानदारांची नव्हे, ती आपल्या अंगणांतीलच आहे. पण एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. तें दार उंच कमानीच्या पोटांत आहे; पावसाची झड त्याच्या पाठीमागें शिरून मुरत बसत नाहीं. पितळेनें धक्के आणि ऊन सोसलें. पाणी दूर ठेवण्याचें काम कमानीनें केलें.

याहून जुनें उदाहरण पाहावयाचें तर कार्ल्याचें. तेथील चैत्यगृह सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीचें. त्याच्या छतास बसविलेल्या लांकडी कमानी अद्याप जागेवर आहेत, आणि स्तूपावरील लांकडी छत्रहि शिल्लक आहे. त्या लांकडाला कोणी रंग दिला नाहीं, पत्रा मारला नाहीं. डोक्यावर डोंगर, एवढेंच त्याचें रक्षण. आपल्या वेरूळच्या दहाव्या लेण्यांत, ज्याला लोक सुताराची झोपडी म्हणतात, शिल्पकारांनीं तशाच कमानी दगडांतच कोरून काढल्या. सुताराचें काम पाथरवटानें केलें. ओल आणि वाळवी यांचा प्रश्न त्यानें मुळींच उरूं दिला नाहीं. आपल्या घराला मात्र डोंगराचें छप्पर नाहीं आणि फळी दगडाची करतां येत नाहीं.

लांकूड कुजतें म्हणजे काय होतें, हें नीट समजून घेतलें पाहिजे. पाणी स्वतः लांकूड खात नाहीं. लांकूड खाते ती बुरशी. बुरशीला हवा, ऊब, अन्न आणि ओल हीं चारहि लागतात. पहिलीं तीन आपल्या हवेंत बारमाही मिळतात, म्हणून आपल्या हातांत उरते ती केवळ ओल. लांकडांतील ओलाव्याचें प्रमाण शेंकडा वीसाच्या खालीं राहिलें तर बुरशीचें फारसें चालत नाहीं. आपल्याकडे पाऊस वर्षाकाठीं सुमारें ७०० मिलिमीटर, म्हणजे कोंकणाच्या मानानें अगदींच थोडा. आणि पावसाळ्यानंतर आठ महिने कोरडे जातात. उघडी फळी भिजते खरी, पण लवकर वाळतेहि. याच कारणानें कित्येक घरांच्या उघड्या फळ्या साठ साठ वर्षें टिकल्या आहेत. झांकलेली फळी कमी भिजते. मात्र एकदां भिजली तर वाळण्यास तिला वाट सांपडत नाहीं. पांघरूण घालावें कीं न घालावें या प्रश्नाचें मर्म येथें आहे. मुलांनीं एक साधा प्रयोग करून पाहावा. एकाच कापडाचे दोन तुकडे भिजवून पिळावे. एक उघड्या ताटांत ठेवावा, दुसऱ्यावर वाटी पालथी घालावी. संध्याकाळीं वाटीच्या आंतल्या अंगाला हात लावला म्हणजे आमच्या फळीचें काय झालें तें न सांगतां कळेल.

म्हणून पत्र्याचा विचार करण्यापूर्वीं शिडी, दाभण आणि भोजनानंतरची निवांत दुपार एवढें साहित्य जमवावें. शिडी मोठ्या माणसानें चढावी आणि दुसऱ्यानें खालून धरावी. दाभण फळींत जागोजागीं टोंचून पाहावा. घट्ट लांकडांत तो अडतो, कुजलेल्यांत लोण्यांत शिरावा तसा शिरतो. विशेषतः फळीचीं दोन टोकें, दोन फळ्यांचा सांधा आणि पन्हळीच्या आंकड्याखालची जागा तपासावी, कारण लांकडाचीं टोकें स्पंजासारखीं पाणी ओढतात. कुजकें असेल तेवढें कापून तेथें चांगलें सागवान सांधावें. नंतर पाणी कोठून आलें तें शोधावें. सरकलेलें कौल, पाल्यानें तुंबलेली पन्हळ, फुटलेला कोपरा, यांपैकीं कांहीं ना कांहीं सांपडतेंच. हें केल्याशिवाय पत्रा मारणें म्हणजे जखम न धुतां पट्टी बांधणें होय.

आतां ॲल्युमिनियमविषयीं. शाळेच्या डब्यामुळें ही धातु आपल्या इतकी परिचयाची झाली आहे कीं, एके काळीं ती चांदीच्या तोलाची होती हें खरें वाटत नाहीं. १८८४ सालीं अमेरिकेंत वॉशिंग्टनच्या स्मारकस्तंभाच्या अगदीं शेंड्यावर मौल्यवान वस्तु म्हणून ॲल्युमिनियमचें सुमारें पावणेतीन किलोचें टोंक बसविण्यांत आलें. पुढें दोनच वर्षांनीं, १८८६ त, अमेरिकेंत हॉल आणि फ्रान्सांत हेरू या दोन तरुणांनीं एकमेकांस न कळत विजेच्या साह्यानें ही धातु काढण्याची एकच रीत शोधली, आणि ती स्वस्त झाली. दोघेहि त्या वेळीं तेवीस वर्षांच्या आंतबाहेर होते, हें आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें. हिंदुस्थानांत मद्रासच्या कलाशाळेंत आल्फ्रेड चॅटर्टन यांनीं १८९८ च्या सुमारास ॲल्युमिनियमचीं भांडीं घडविण्यास आरंभ केला. तिचें खनिज, बॉक्साइट, आपल्या महाराष्ट्रांतहि कोल्हापूरकडे सांपडतें.

छपराच्या कामीं या धातूचे गुण दोन. पहिला हलकेपणा. एक हिशेब करून पाहूं. १२ मीटर लांबीची फळी, वळणें धरून पत्र्याची रुंदी ३० सेंटिमीटर, जाडी पाऊण मिलिमीटरहून किंचित् कमी, म्हणजे ०.७ मिलिमीटर. इतक्या ॲल्युमिनियमचें वजन सुमारें ६.८ किलो भरतें. तेवढेंच लोखंड वीस किलोच्या घरांत जातें. जुन्या वाशांच्या टोकांना हा फरक चांगलाच जाणवतो. दुसरा गुण गंजासंबंधीं आहे. ॲल्युमिनियम गंजत नाहीं असें म्हणतात, परंतु तें बरोबर नाहीं. हवा लागतांच तिच्या पृष्ठभागावर अत्यंत पातळ अशी साय धरते. लोखंडाच्या गंजाप्रमाणें ती पोपडे होऊन सुटत नाहीं, उलट घट्ट चिकटून बसते व खालच्या धातूचें रक्षण करते. ओरखडा पडला तर तेथें नवी साय धरते.

पण या सायीचे शत्रु आहेत, आणि त्यांपैकीं एक आपल्या प्रत्येक जुन्या घरांत राहतो. तो म्हणजे चुना. ओला चुना वा ओलें सिमेंट ही साय विरघळवून धातूला खातें. वडील माणसांसमक्ष, उघड्या जागेंत, आसपास दिवा वा शेगडी नसतांना, चुना कालविलेल्या पाण्यांत ॲल्युमिनियमच्या वर्खाचा नखाएवढा तुकडा टाकून पाहावा. बारीक बुडबुडे येऊं लागतात. तो हायड्रोजन वायु. भिंतीचा गिलावा जेथें पत्र्याला टेंकतो तेथें हेंच हळू हळू चालतें. म्हणून तेवढ्या जागीं पत्र्याला डांबरी रंगाचा हात द्यावा किंवा मध्यें बोटभर अंतर ठेवावें. दुसरा शत्रु म्हणजे परक्या धातूचा सहवास. तांबें किंवा उघडें लोखंड ॲल्युमिनियमला लागून असलें आणि त्यांत पावसाचें पाणी आलें, कीं लहानशी विजेची घटमाला तयार होते व झीज ॲल्युमिनियमची होते. साध्या लोखंडी खिळ्यांनीं ठोकलेल्या पत्र्याला दोन-तीन वर्षांत खिळ्याभोंवतीं भोंकें पडतात तीं यामुळें. खिळे किंवा स्क्रू ॲल्युमिनियमचे अथवा स्टेनलेस स्टीलचे घ्यावे. चार पैसे अधिक जातील, पण काटकसर करण्याची ती जागा नव्हे.

तिसरी गोष्ट उष्णतेची, आणि आमच्या मतें कारागीरांकडून सर्वांत जास्त चुका येथें होतात. हिंवाळ्यांतील पहाटे पत्रा दहा अंशांवर असेल, तर वैशाखांतील दुपारीं तोच साठावर जाऊं शकतो. या पन्नास अंशांच्या फरकानें तीन मीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा पत्रा जवळ जवळ साडेतीन मिलिमीटर वाढतो. खालचें लांकूड लांबीच्या दिशेनें इतकें वाढत नाहीं. पत्रा चहूंकडून करकचून ठोकलेला असला तर वाढलेला भाग जावा कोठें? तो पोट काढतो, आणि उन्हाळ्यांत दुपारीं घराच्या कडेला टक्-टक् आवाज होऊं लागतो. घरांतील म्हाताऱ्या माणसांस तो पालीचा वाटतो! याला उपाय सोपा आहे. भोंकें गोल न पाडतां लांबट पाडावीं, खिळा अखेरपर्यंत आंवळूं नये, आणि दोन पत्र्यांचे तुकडे एकमेकांवर बोट दीड बोट चढवून सांधा मोकळा ठेवावा. वरचा तुकडा वाऱ्याच्या बाजूनें यावा. आपल्याकडे पावसाचा वारा बहुधा पश्चिमेकडून येतो, तेव्हां पाणी सांध्यांत न शिरतां वरून निघून जाईल. गडद रंग अधिक तापतो, म्हणून रंग फिका निवडावा. कारखान्यांत भाजून दिलेला रंग हातानें मारलेल्या रंगापेक्षां पुष्कळ टिकतो. जाडी अर्ध्या मिलिमीटरहून कमी नसावी. त्याहून पातळ पत्रा शिडी टेंकली तरी चेपतो आणि वाऱ्यानें फडफडतो.

खालच्या कडेविषयीं विशेष सांगणें आहे. पत्रा फळीखालून वळवून आंत दाबून बंद करण्याची चाल आहे. दिसावयास ती नीटनेटकी दिसते. परंतु आमची फळी कुजविणारी हीच नीटनेटकी वळणी होती. खालीं पत्र्याला किंचित् बाहेरच्या अंगास वळण द्यावें, म्हणजे थेंब फळीपासून दूर पडतो. आणि फळीच्या बुडाशीं बोटभर फट मोकळी सोडावी. फटींत मुंग्या जातील, कोळी जाळें विणील, विणूं द्यावें. पत्रा चढविण्यापूर्वीं फळीच्या पुढच्या, मागच्या आणि टोकांच्या अशा सर्व अंगांस रंगाचा पहिला हात बसलाच पाहिजे. आणि पत्रा लांकडाला अगदीं चिकटूं नये म्हणून मध्यें पातळ उभ्या पट्ट्या ठोकाव्या.

बाजारांत गेल्यावर दुकानदार आणखी एक वस्तु पुढें करतो. दुकानांच्या पाट्यांसाठीं वापरतात तो तीन-चार मिलिमीटर जाडीचा तक्ता. दोन्ही अंगांस ॲल्युमिनियमचा वर्ख आणि पोटांत प्लॅस्टिक असें त्याचें स्वरूप असतें. तो सपाट दिसतो, कापावयास सोपा, आणि चांगल्या पत्र्यापेक्षां बहुधा स्वस्तहि पडतो. पालकांनीं पोटांत काय आहे तें विचारल्याशिवाय तो घेऊं नये. लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या उंच इमारतीस १४ जून २०१७ रोजीं आग लागून ७२ माणसें मेलीं. बाहेरून बसविलेल्या अशाच तक्त्यांतील प्लॅस्टिकनें ती आग मजल्यामागून मजला वर चढविली असें चौकशींत निष्पन्न झालें. आपलें घर एकमजली असेल, पण कौलांखालीं सर्व लांकूडच असतें, आणि दिवाळींत उडालेला बाण वळचणींतच जाऊन बसतो.

विजेसंबंधीं तर सर्वांत आधीं लिहावयास हवें होतें. जुन्या घरांत खांबावरून येणारी तार वळचणीच्या फळीलाच अडकवून आंत घेतलेली असते. लांकूड कोरडें असेपर्यंत तें खपतें. त्याच फळीवर धातूचा पत्रा चढला आणि तारेवरचें जुनें वेष्टण झिजलेलें असलें, तर सगळी कड विजेनें भारली जाऊं शकते. लोखंडी शिडी टेंकून पन्हळ साफ करणाऱ्या माणसाचा जीव जाण्यास मग क्षण लागत नाहीं. पत्रा लावण्यापूर्वीं परवानाधारक वायरमनकडून तार नळींतून स्वतंत्र आधारावर घ्यावी. आमच्या घरीं हें काम पत्र्याच्या कामाच्या आधीं झालें, आणि तें आईनें हट्ट धरला म्हणून झालें.

आईचा दुसरा हट्ट झालरीविषयीं होता. घराच्या पुढच्या ओसरीवर आजोबांच्या काळची कातीव झालर आहे. तीहि एकदमच झांकून टाकावी, मजुरी वांचेल, असें वडिलांचें म्हणणें. आई म्हणाली, तिच्याकडे पाहून पाऊस किती पडला तें मला स्वयंपाकघरांतून कळतें. आम्हीं दाभण टोंचून पाहिला. झालरीचें सागवान दोन जागा सोडून खणखणीत होतें. ओसरी पूर्वेकडे असल्यानें तिला झड कमी लागते. तेव्हां ती उघडीच ठेवावयाची ठरली. दोन जागीं नवा तुकडा सांधला, जुना रंग खरवडला, आणि जवसाच्या उकळलेल्या तेलाचे तीन हात दिले. आपल्या भागांत जवस पिकतो, आणि त्याचें तेल लांकडांत मुरून सुकतें, पाणी अडवितें. तेल पुसलेल्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यांत टाकूं नयेत. सुकतांना त्या आपोआप तापून पेट घेतात. त्या पाण्यांत बुडवून मग उघड्यावर पसराव्या. दर तीन वर्षांनीं तेलाचा एक हात द्यावा लागेल, आणि तें काम वडिलांनीं स्वतःच्या अंगावर घेतलें आहे.

पश्चिमेकडील फळीला पत्रा मारला. फिकट राखी रंगाचा, ०.७ मिलिमीटर जाडीचा, खालीं फट सोडून. लांबट भोंकें पाडण्यास कारागीर प्रथम नाखूष होता. साडेतीन मिलिमीटरचा हिशेब आमच्या धाकट्या भावानें पाटीवर मांडून दाखविला, तेव्हां तो हंसला आणि कानस घेऊन बसला. यंदाच्या श्रावणांत सलग पांच दिवस झड लागली. सहाव्या दिवशीं शिडी लावून आम्हीं खालच्या फटींतून हात घातला. बोटांना थोडें जाळें लागलें, लांकूड कोरडें होतें.